गाडीची थरथर

हर्षालीला सोमवारी कामावर परत जायचं होतं, आणि त्याच्या आत गाडी नीट करायची असं भरतनं ठरवलं होतं. घरीच, स्वतःच्या हातानं.

गाडी जुनी होती. लग्नाच्या वर्षी चुलतभावाकडून घेतलेली, छोटी, पांढरी. हर्षाली मंचरला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती आणि राजुरीहून रोज तीच गाडी चालवत जायची. आळेफाटा, मग हायवेनं नारायणगाव, पुढं मंचर. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. गाडी पळायची चांगली, पण कुठं उभी राहिली की थरथर कापायची. स्टेअरिंग धरलेल्या हातांना मुंग्या यायच्या, आरशातला मागचा ट्रक पुसट व्हायचा, दारातली पाण्याची बाटली टकटकत राहायची.

आळेफाट्याच्या भगवंत मेकॅनिकनं उन्हाळ्यातच बॉनेट उघडून सांगितलं होतं, "भरतभाऊ, इंजिनचं फाउंडेशन गेलंय. ज्या रबरांवर इंजिन बसतं ना, ती फाटली. सगळा हादरा सरळ बॉडीत येतोय. बदलून घ्या." तेव्हा टोमॅटोची तोडणी चालू होती. पुढच्या महिन्यात बघू, असं भरत म्हणाला. पुढच्या महिन्यात पाऊस लागला, मग दुसरी कामं निघाली, आणि ते राहूनच गेलं.

भाद्रपदात हर्षालीला सहावा महिना सरत आला होता. एका संध्याकाळी नारायणगावच्या अलीकडं टेम्पो उलटला आणि हायवेवर गाड्यांची रांग लागली. बराच वेळ ती त्या थरथरत्या गाडीत बसून होती. घरी आली, जेवली, झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटात हालचाल जाणवली नाही म्हणून भरतनं तिला आळेफाट्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटावरून फिरवलं, परत फिरवलं, आणि मग पडद्याचं तोंड भिंतीकडं केलं.

मुलगी होती.

"कालच्या प्रवासानं हे झालेलं नाही," डॉक्टरीणबाई दोघांना समोर बसवून म्हणाल्या होत्या. "ठोके त्याच्या आधीच थांबलेले असणार. बऱ्याच वेळा कारण सापडतच नाही. आपण काही केलं किंवा केलं नाही म्हणून झालं, असं मनात आणू नका."

पण कारणच नाही, हे घरात कुणाला पेलवलं नाही. भरतची आई धोंडाबाई सुनेच्या तोंडावर कधी काही बोलल्या नाहीत. भेटायला आलेल्या बायकांजवळ मात्र त्या आवाज उतरवून म्हणायच्या, "पोटुशी बाई रोज एवढं लांब गाडी हाणती. कसं टिकंल?" स्वयंपाकघरात हर्षालीला ते ऐकू यायचं. आणि दर वेळी भरत कुठूनतरी पुढं व्हायचा. "हर्षालीचं काय नाय त्यात. गाडीचं फाउंडेशन गेलं व्हतं. मीच नाय बदललं."

हर्षालीला सुरुवातीला वाटलं, हा आपल्यासाठी ढाल धरतोय. मग तिच्या लक्षात आलं, तो ते खरंच मानतोय. दिवाळी गेली तरी तो दुसरं काही बोलेना. जेवताना मोबाईलवर फाउंडेशन बदलायचे व्हिडिओ बघायचा. गाडी शेडमध्ये धूळ खात उभी होती; तिला त्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता. पौषात हर्षाली म्हणाली, "लॅबमधून परत फोन आला. येत्या सोमवारपासून मी जाते," तेव्हा तो उठला आणि आळेफाट्याहून नवी रबरं घेऊन आला.

"भगवंतभाऊंकडंच टाका ना गाडी," हर्षाली म्हणाली.

"नाय. मी करणार."

"अहो, पण एकट्यानं?"

"टॅक्टर खोलतो मी. ह्यात काय एवढं?"

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, पिकाला पाणी रात्रीच द्यायचं, त्यामुळं दिवसा तो मोकळा असायचा. गुरुवारी सकाळी त्यानं गाडी खळ्याच्या कडेला, उजेडात ढकलत आणून लावली. मागची चाकं कोब्यावर राहिली, पुढची मातीत. चाकांना दगड लावले, बॅटरीची वायर काढली, आणि मातीत शहाबादी फरशीचा तुकडा टाकून त्यावर ट्रॉलीचा जॅक उभा केला. जॅकच्या डोक्यावर लाकडाचं फळकूट ठेवून त्यानं इंजिनला खालून हलकासा टेका दिला. टेका एवढाच की इंजिनचं वजन रबरांवरून निघून जॅकवर यावं.

तीन रबरं होती. दोन दुपारपर्यंत बदलून झाली. गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडायचं, पान्याला पाईप लावून जोर काढायचा, बोल्ट कुरकुरत सुटायचा. थंडीतही त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. हर्षालीनं दोनदा चहा आणून दिला. दोन्ही वेळा तो बॉनेटच्या कडेवर गार झाला.

तिसरं रबर सगळ्यात खराब निघालं. भरतनं ते बाहेर काढलं आणि हातात धरून बघत राहिला. मधोमध उभी चीर गेली होती. आतलं लोखंड लोखंडावर घासून चकचकीत झालं होतं. तो तसाच ते घेऊन ओट्यावर आला. धोंडाबाई तिथं उन्हाला बसून शेंगा फोडत होत्या.

"बघ," त्यानं ते त्यांच्यासमोर धरलं. "बघ आई. मी म्हनत नव्हतो? ह्याच्यात काय राह्यलंय का?"

धोंडाबाईंनी मान वर केली. रबराकडं पाहिलं, मग मुलाच्या काळ्या झालेल्या हातांकडं.

"रबरानं पोर जातंय व्हय रं?"

"मग कशानं गेलं? तू सांग ना. कशानं?"

"मला कशाला इचारतो? मी काय बोलले का?"

"तू समद्यांना बोलती! मला काय ऐकू येत नाय?"

हर्षाली दारात उभी होती. तिच्या हातात परात होती आणि परातीतलं पीठ तिला एकाएकी जड झालं.

"पुरे करा," ती म्हणाली. "दोघंही. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्यासमोर सांगितलं ना? कारण सापडत नाही. मी लॅबमध्ये काम करते, मला कळतं की कधीकधी खरंच सापडत नाही. मला रोज घरात कुणीतरी आरोपी उभा केलेला नको आहे. मी नको, तुम्ही नको, ही गाडी पण नको."

भरत तिच्याकडं बघत राहिला. तो वळला, खळ्याकडं गेला आणि परत बॉनेटमध्ये वाकला. हर्षाली आत येऊन कणीक मळू लागली. ती जोरानं मळत होती.

थोड्या वेळानं काहीतरी कडाडलं, आणि पाठोपाठ भरतचा आवाज आला. शब्द नव्हते त्यात.

ती पिठाच्या हातांनी धावली. भरत उघड्या बॉनेटमध्ये छातीनं आडवा पडला होता आणि त्याचा डावा हात इंजिनच्या बाजूला खाली अडकला होता. नवं रबर बसवताना भोकाला भोक जुळेना म्हणून त्यानं खांद्यानं इंजिन रेटलं होतं. त्या रेट्यानं जॅकखालची फरशी दुभंगली, जॅक कलला, आणि त्या बाजूनं इंजिन खाली बसलं होतं, त्याच्या बोटांवर.

"काढ," तो एवढंच म्हणत होता. "काढ, काढ."

हर्षाली पोटावर आडवी पडली आणि बंपरखालून हात घालून जॅक ओढायला लागली. जॅक तिरपा होऊन फसला होता, हलेना. मग तिच्या डोक्याशी धोंडाबाईंची पावलं दिसली. त्या गोठ्याकडून पहार घेऊन आल्या होत्या.

"कुठं घालू? सांग पोरी, कुठं?"

हर्षाली उठली. इंजिनच्या ज्या लोखंडी कानाखाली हात अडकला होता, त्याच्या शेजारी तिनं पहारेचं टोक घातलं. "इथं. आणि खाली दाबा, आई. सगळा भार टाका."

धोंडाबाई पहारेवर ओणव्या झाल्या. त्यांचे पाय जमिनीवरून उचलायला आले. इंजिन हललं, बोटभर वर आलं. भरतनं हात खेचला, पण तो पुरता निघेना. "आणखी!" हर्षाली ओरडली, आणि तीही सासूच्या हातांवर हात ठेवून पहारेला लोंबकळली. हात सुटला. भरत मागं धडपडून मातीत बसला आणि स्वतःच्या बोटांकडं न बघता वर आभाळाकडं बघत राहिला.

गाडी तर खळ्यात अशी उघडी पडलेली. शेजारचे दादाभाऊ फ्लॉवर भरून बाजारला निघालेच होते. त्यांनी पिकअप वळवली. भरतला पुढं बसवलं, हर्षाली आणि धोंडाबाई मागं फ्लॉवरच्या क्रेटांमध्ये बसल्या. हर्षालीच्या कोपरापर्यंत पीठ होतं आणि त्यावर ग्रीस.

आळेफाट्याला तो एकच दवाखाना होता जिथं एक्स-रे आणि शिवणारे डॉक्टर एकत्र मिळत. पिकअप त्याच्या दारात थांबली तेव्हा हर्षालीचे पाय खाली उतरेनात. भाद्रपदानंतर ती इथं आलीच नव्हती. तोच रॅम्प, तीच फिनेलचा वास मारणारी ओली फरशी. दादाभाऊ भरतला धरून आत गेले. धोंडाबाई खाली उतरून तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"मी जाते आत," त्या म्हणाल्या. "तू बस हितं."

"नाही. येते."

दोन बोटं मोडली होती. तिसऱ्याचं नख गेलं होतं आणि टोक ठेचलं होतं. डॉक्टर म्हणाले, बोटं राहतील, पण वेळ लागेल. टाके घालायला भरतला आत नेलं, आणि सासूसुना बाहेरच्या बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर हसऱ्या बाळाचं मोठं पोस्टर होतं. कुठंही मान वळवली तरी ते दिसायचं.

धोंडाबाई पदराच्या कोपऱ्यानं हातावरचं ग्रीस पुसत होत्या. ते निघत नव्हतं, उलट पसरत होतं.

"माझं बी एक गेलं व्हतं," त्या म्हणाल्या. "भरतच्या आधी. तुला कुनी सांगितलं नसंल."

हर्षालीनं नाही म्हणून मान हलवली.

"आठवा लागला व्हता. तवा इहिरीवरनं पानी आनायचं. सासू म्हनली, दुसरी हंडी घेतली म्हनून गेलं. जावा बी तेच म्हनल्या. मग मी बी मानलं."

"खरं होतं का ते?"

"काय ठाऊक." त्यांनी पदर सोडून दिला. "पर मानलं म्हंजी कसं, पुढल्या येळंला हंडी घेतली न्हाई, आन भरत झाला. मग वाटलं, बराबरच व्हतं त्यांचं. काय तरी धरून ठिवायला लागतं गं. न्हाईतर रातीला डोळा लागत न्हाई."

"म्हणून तुम्ही मला धरलंत?"

आतून भरतचा दाबलेला कण्हण्याचा आवाज आला, तशा त्या अर्धवट उठल्या आणि परत बसल्या.

"मला असं काही धरायचं नाही, आई," हर्षाली म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मऊ निघाला. "मी काही केलं नाही. तुम्हीही काही केलं नव्हतं. हंडीनं असं होत नाही."

धोंडाबाई पोस्टरकडं बघत होत्या. एवढी वर्षं जे मनाशी बांधून ठेवलं ते असं बाकावर बसून कुणी एका वाक्यात सोडायला सांगावं, हे त्यांना मानवलं नसावं. त्यांचा चेहरा आधी कठीण झाला. मग हनुवटी हलायला लागली.

"पोरगा व्हता म्हनं," त्या म्हणाल्या. "मला दावला बी न्हाई. कुठं ठिवला ते बी सांगितलं न्हाई कुनी. इचारायची पद्धतच नव्हती."

हर्षाली त्यांच्याकडं वळली. ते वाक्य तिच्या आत जाऊन बसलं आणि घरी परतताना, फ्लॉवरच्या वासात, तिच्याबरोबरच आलं. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. बाळंत झाली त्या दिवशी ती गुंगीत होती. भरत आणि दादाभाऊ मुलीला घेऊन गेले होते, आणि परत आले तेव्हा भरतच्या पायांना माती होती. तिनंही विचारलं नव्हतं.

शुक्रवार भरतच्या ठणक्यात गेला. शनिवारी दुपारी हर्षाली खळ्यावर आली तेव्हा तो गाडीजवळ खुर्ची टाकून बसला होता. हाताला पांढरा मोठा गठ्ठा. बॉनेट उघडं, तिसरं रबर अजून तसंच बाहेर.

"भगवंतला फोन केलाय," तो म्हणाला. "मंगळवारी येतो म्हनला. तू सोमवारी एसटीनं जा."

"मी बसवते. तुम्ही सांगा."

"नको."

"का?"

"हात गेला असता माझा, हर्षाली. तुझा जायला नको."

"हात घालायचाच नाही खाली," ती म्हणाली. "मला हे संपवायचंय. अजून एक आठवडा ही गाडी अशी उघडी बघवणार नाही मला."

तो जॅककडं बघत म्हणाला, "आधी जॅकखाली जाड फळी घाल."

धोंडाबाईंनी ट्रॉलीची फळी धरून दिली. जॅक तिच्यावर सरळ उभा राहिला. भरत खुर्चीतून पुढं वाकून सांगत होता, आणि हर्षाली हळूहळू दांडा मारत होती. "अजून. अजून थोडं. थांब. आता दिसतं का भोक?" दिसत होतं, पण केसभर बाजूला. "इंजिन ढकलू नको. पहारेनं लोटायचं, लांबून." धोंडाबाईंनी पहार घातली. बोल्ट सरकन आत गेला. हर्षालीनं तो आधी बोटांनी फिरवला, मग दुसरा, मग जॅक सोडून सगळा भार रबरावर येऊ दिला आणि पान्यानं दोन्ही आवळले. शेवटच्या पिळाला तिच्या खांद्यात कळ आली.

"बस," भरत म्हणाला. "जास्त नको."

बॅटरीची वायर लावून ती आत बसली. किल्ली फिरवली. कित्येक महिन्यांनी गाडी खोकली, आणि लागली. भरत खुर्चीतून उठला. इंजिन चालू होतं आणि गाडी हलत नव्हती. स्टेअरिंग शांत. आरशात गोठा, गोठ्यापुढची म्हैस, म्हशीच्या शिंगावरचा लाल रंग, सगळं नीट दिसत होतं.

भरतनं बॉनेट लावलं आणि आपला चांगला हात त्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग येऊन शेजारच्या सीटवर बसला.

"चक्कर मारून बघू," तो म्हणाला.

गाडी बेल्ह्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना नुकत्या लावलेल्या कांद्याचे वाफे होते. गाडी खड्ड्यातून गेली, गतिरोधकावरून गेली. धाड असा जो आवाज यायचा तो आला नाही. पुढं रस्त्यात मेंढ्या आल्या म्हणून हर्षालीनं गाडी उभी केली. इंजिन चालू. मेंढ्या दोन्ही बाजूंनी वाहत राहिल्या.

"थरथरत नाय," भरत म्हणाला.

"नाही."

"अजिबात नाय."

त्याचा आवाज फाटला. मेंढ्या निघून गेल्या तरी हर्षालीनं गाडी हलवली नाही. तो पुढं वाकला होता आणि पट्टीचा हात छातीशी धरून रडत होता, मोठ्यानं, मुलासारखा. भाद्रपदापासून ती त्याला असं रडताना पहिल्यांदा बघत होती.

"आता काय करू?" तो म्हणत होता. "आता तर काय राह्यलं पण नाय करायला. झाली गाडी नीट. मग? मग काय झालं?"

"काही नाही झालं," ती म्हणाली. तिच्याही गालांवरून पाणी वाहत होतं, पण तिनं ते पुसलं नाही. "काहीच होणार नव्हतं, भरत." सहा वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. दोघांच्याही ते लक्षात आलं.

मागून मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. इंजिन थांबलं तसं बांधापलीकडच्या कालव्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

"कुठं ठेवलंत तिला?" तिनं विचारलं.

भरतनं डोळे पुसले आणि तिच्याकडं बघितलं. तिला वाटलं तो सांगणार नाही.

"तुला सांगायचं व्हतं," तो म्हणाला. "आई म्हनली, बाईला दावत नाय. मग दिवस गेले, आन मग सांगता येईना."

"आता सांगा."

"दाखवतो. वळव गाडी."

ती त्यांच्याच खालच्या रानात होती, ओढ्याच्या काठाला, करंजाखाली. गाडी बांधापर्यंत गेली; पुढं ते चालत गेले. हर्षाली या रानात कितीदा आली होती. खुरपायला, जेवण घेऊन. करंजाच्या सावलीत बसून ती भाकरी खायची. भाद्रपदानंतर भरत तिला कुठल्या ना कुठल्या निमित्तानं खालच्या रानात येऊच देत नव्हता, हे तिला आता उमगलं.

दगडांची एक लहानशी रास होती. तिच्यावर बाभळीचे काटेरी फाटे अंथरलेले, कुत्रं-कोल्हं उकरू नये म्हणून. फाटे वाळलेले नव्हते. हिरवे होते.

"हे कधी टाकलेत?"

"बुधवारी. वाळले की बदलतो." तो राशीकडं बघत होता. "रातचं पाणी धरायला येतो तवा बॅटरी मारून बघून जातो. एकदा दोन दगड हलले व्हते. मग जड आनून टाकले."

हर्षाली खाली बसली. हात लावावा की नाही हे तिला कळेना. कुणी शिकवलं नव्हतं. तिनं एक फाटा हलक्या हातानं बाजूला केला. काटा बोटात गेला. खाली ओढ्यातले गोटे होते, गुळगुळीत, एकसारखे, निवडून आणलेले. तिनं तळहात त्यांच्यावर ठेवला. दिवसभर ऊन खाऊन ते कोमट होते.

"कशी होती?" तिनं विचारलं.

भरत तिच्या शेजारी मातीत बसला. "केस लई व्हते," तो म्हणाला. "काळे. आन कपाळ तुझ्यासारखं." मग त्याला आणखी आठवत गेलं तसं तो सांगत गेला. कपडा कुठला होता. दादाभाऊंनी खड्डा खणला, आणि मीठ घालायला त्यांना सुचलं. खाली ठेवताना कसं सोडवेना. त्यानं हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. हर्षाली ऐकत राहिली. मधेच तिला उमाळा यायचा, तो थांबायचा, ती म्हणायची, "सांगा," आणि तो पुढं सांगायचा.

ऊन उसाच्या शेंड्यावर गेलं तेव्हा धोंडाबाईंचा फोन आला. "कुठं हाय तुमी? अंधार पडाय लागला. उसाकडनं बिबट्या हिंडतोय, ठाऊक हाय ना?"

"खालच्या रानात आहोत," हर्षाली म्हणाली. "करंजाखाली."



"बरं," धोंडाबाई म्हणाल्या. आणि मग अडखळत, "उद्या मला बी नेशील का तिथवर?"

"नेते."

तिनं बाजूला केलेला फाटा परत राशीवर ठेवला. भरतला उठताना एका हातानं तोल सावरेना, म्हणून तिनं त्याला दंडाला धरून उठवलं. गाडीपर्यंत येताना तो दोनदा थांबून मागं वळला. त्याच्या बोटांत ठणका चढला होता, चेहरा पांढरा पडला होता, आणि घरी गेल्यावर तो न जेवताच झोपला.

रविवारी ती सासूला घेऊन गेली. धोंडाबाई राशीपाशी उभ्या राहिल्या. परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाच विचारलं की हंडीनं खरंच होत नाही का, आणि हर्षालीनं सांगितलं, नाही होत. त्यांनी ते मानलं की नाही, हे त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

सोमवारी सकाळी दव इतकं पडलं होतं की समोरची काच तिला कपड्यानं पुसावी लागली. भरत ओट्यावर उभा होता. आळेफाट्यावरून ती हायवेला लागली, नारायणगाव जवळ आलं. ज्या ठिकाणी तेव्हा रांग लागली होती तिथं आता रस्ता मोकळा होता. तिनं गाडीचा वेग कमी केला नाही.